आधी माप, मग माल
(पुरात बुडालेल्या एका आर.एक्स. १०० ची गोष्ट)

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. प्रयाग चिखलीतला आमच्या थोरल्या मामांचा गोठा पत्र्यापर्यंत पाण्यात होता. म्हशी आधीच सोडून वर नेल्या होत्या. कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली यामाहा आर.एक्स. १०० तिथंच राहिली. पाणी उतरल्यावर भंगारवाला आला आणि वजनावर भाव सांगून गेला. मामा म्हणाले, "म्हसरं वाचली, गाडी न्हाई वाचली. जाऊ दे." पण दिली मात्र नाही.

ही साधी गाडी नव्हती. तरुणपणी मामा तिच्यावर मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळायचे. मडगार्ड उंच केलेलं, लाईट काढलेले, ऑईलचा पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी मिसळायची सोय. मी तेव्हा नववीत होतो. सेकंड इयरच्या सुट्टीत मी मामांना म्हटलं, "गाडी मी चालू करतो." मामा हसले. "तू इंजनीर झालास व्हय? ने बाबा."

पुढं जे झालं त्यातून जे शिकलो ते इथं लिहितोय. आपल्या हॉस्टेलच्या मागं पत्र्याच्या शेडखाली किमान चार जुन्या टू-स्ट्रोक गाड्या उभ्या आहेत, त्यांच्या मालकांनी हे जरूर वाचावं.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे पुन्हा एकदा

थिअरीच्या पेपरात आपण आकृती काढतो आणि विसरतो. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे ऑईल ठेवायचं भांडं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा एक पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली कमी दाब तयार होतो, रीड व्हॉल्व्ह उघडतो आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जातं आणि ट्रान्स्फर पोर्टमधून वर जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद पाहिजे. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. त्याचा अर्थ मला माळावर पडल्यावर कळला. तो किस्सा पुढं येईलच.

आर.एक्स. १०० भारतात एस्कॉर्ट्सनं १९८५ साली आणली आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. बोअर ५० मि.मी., स्ट्रोक ५० मि.मी. आकडेमोड करा, ९८ सी.सी. येते. ताकद ११ बी.एच.पी. आणि वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती पळायची. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तिचा काळ संपला. ते चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही. एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यामुळं त्यातलं बरंचसं न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. आवाज गोड असला तरी धूर तो धूरच.

इंजिन उघडल्यावर

पिस्टन जाम होता. इथं हातोडी घ्यायची नाही. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठवडाभर ठेवलं, रोज थोडं हलवलं, मग सुटला. आत नदीचा गाळ वाळून टणक झाला होता. क्रँकच्या मोठ्या टोकाच्या नीडल बेअरिंगमधून रेतीचा आवाज येत होता. कार्बोरेटर पांढरा पडलेला. गिअरबॉक्समध्ये चहासारखं पाणी.

मी यादी केली आणि उत्साहात उद्यमनगर गाठलं. मित्रांनी सांगितलेल्या एका वयस्कर मेस्त्रींपुढं यादी ठेवली. त्यांनी ती वाचलीच नाही. "पार्ट शोधाय आलाईस, पर माप हाय का?"

माप नव्हतं. परत आलो. वर्कशॉपच्या सरांना विचारून बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेतला. बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना मोजायची, अशी सहा मापं. सगळ्यात जास्त झीज वरच्या बाजूला निघाली, ५०.३३ मि.मी. पिस्टनच्या डोक्यावर ०.२५ असं कोरलेलं होतं. म्हणजे मामांच्या काळातच एकदा बोअर मारून झाली होती.

हा हिशोब नीट समजून घ्या. जास्तीच्या मापाचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. असे चार पायऱ्यांत मिळतात. दर वेळी बोअर मारली की एक पायरी संपते. बॅरलचं लोखंड परत भरून येत नाही. मामांनी एक पायरी वापरली होती. मी ०.५० वर गेल्यावर दोनच उरणार होत्या.

पार्ट कुठं मिळाले

१) नंबर वाचा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०४ म्हणजे आतला व्यास २० (शेवटचे दोन आकडे गुणिले पाच), बाहेरचा ४७ आणि जाडी १४ मि.मी. पुढं सी३ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, गरम होणाऱ्या इंजिनासाठी. सी३ च्या जागी साधं घालू नका. ऑईल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. गाडीचं नाव न सांगता हा माल कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. माझी अर्धी यादी अशीच संपली.

२) कूळ ओळखा. दुकानदाराला "आर.एक्स.चा पिस्टन द्या" म्हटलं की तो कुठलाही देईल. आर.एक्स. १३५ ची बोअर ५८ मि.मी., १०० ची ५०. नाव सारखं, माप वेगळं. याच्या उलटही होतं. राजदूत ३५० च्या इंजिनाची बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४. परदेशात शर्यतीसाठी वापरली जाणारी यामाहाची चार चाकी बॅन्शी, तिचंही माप तेच. राजदूत हवेनं थंड होते, बॅन्शी पाण्यानं, म्हणून पार्ट सरसकट अदलाबदल होत नाहीत. पण कूळ कळलं की शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. अमेरिकेत जुनी टू-स्ट्रोक क्वाड दुरुस्त करणाऱ्यांची आणि आपली अडचण एकच आहे. कंपनीनं पाठ फिरवल्यावर गाडी मापांवर जगते.

३) बाजार फिरा, पण गेज घेऊन. पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं, दिल्लीचं करोल बाग, ही जुन्या गाड्यांच्या पार्टची नेहमीची ठिकाणं. मी जुन्या बाजारातून मूळ कार्बोरेटर आणला. घेण्याआधी त्याचा स्लाईड हलवून बघितला. ढिला असता तर डबी कितीही जुनी आणि अस्सल दिसली तरी उपयोग नव्हता.

४) जे मिळत नाही ते बनवा. यात कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात लेथवाला, बोअरिंगवाला, ग्राइंडिंगवाला चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत. फूटरेस्टचे ब्रॅकेट आणि मागच्या चाकाचे बुश मी स्वतः ड्रॉईंग काढून बनवून घेतले. ड्रॉईंगवर टॉलरन्स लिहिला नव्हता म्हणून पहिला बुश वाया गेला. मशीन ड्रॉईंगच्या सरांची तेव्हा आठवण झाली.

क्रँक मेस्त्रींनीच प्रेस करून दिला. टू-स्ट्रोकचा क्रँक तुकड्यांचा असतो. पिन दाबून काढायची, नवा रॉड आणि बेअरिंग घालायचं, परत दाबायची. मग दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचा. मेस्त्री तांब्याच्या हातोडीनं एक ठोका मारायचे आणि काटा बघायचे. काटा ०.०३ च्या आत आल्याशिवाय त्यांनी क्रँक हातात दिला नाही.

बोअर मात्र मी गडबडीत दुसरीकडं मारून घेतली. बॅरल आणून मेस्त्रींना दाखवला. त्यांनी पोर्टच्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझंही बोट धरून फिरवलं. कड ब्लेडसारखी धारदार. टू-स्ट्रोकच्या बॅरलला भोकं असतात आणि रिंग त्यांच्यावरून मिनिटाला हजारो वेळा जाते. कड मोडली नाही तर रिंग अडकून तुटते. ऑईल इंजिनाचे लायनर करणाऱ्याला ही सवय नसते. त्यांनी बारीक दगडानं प्रत्येक पोर्टची कड मोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

माझी चूक

सगळं नवं घातलं, एक पार्ट सोडून. मॅग्नेटच्या बाजूचा क्रँकचा सील वरून चांगला दिसत होता. नवा सील एका वडापाव-चहाच्या किमतीचा. पण दुकानात त्या मापाचा नव्हता, दोन दिवसांनी येणार होता आणि मला रविवारी गाडी चालवायची होती. म्हणून जुनाच ठेवला.

गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. मोकळ्या माळावर नेली. पंधरा मिनिटं सुरेख चालली. मग रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज लगेच उतरेना. मला वाटलं केबल अडकली. दुसऱ्या मिनिटाला मागचं चाक जाम झालं आणि मी मातीत. हेल्मेट होतं म्हणून कोपरावरच निभावलं.

झालं काय? सीलचा ओठ गाळानं घासला होता आणि रबर कडक झालं होतं. पिस्टन वर जाताना तिथून फुकटची हवा आत येत होती. हवा वाढली, पेट्रोल कमी पडलं, ज्वलन तापलं. पिस्टन आणि बॅरल यांच्यात फट असते साधारण ०.०४ मि.मी. पिस्टनच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा प्रसरण गुणांक ०.००००२ धरा. ५० गुणिले ०.००००२ गुणिले ४०, उत्तर ०.०४. म्हणजे पिस्टन नेहमीपेक्षा फक्त ४० अंश जास्त तापला की फट संपली. रेस सोडूनही आवाज न उतरणं ही हवा गळतीची खूण असते. गाडी ओरडून सांगत होती, मला भाषा येत नव्हती.

बॅरलवर उभे ओरखडे. ०.७५ वर जावं लागलं. मामांनी वीस-बावीस वर्षांत एक पायरी वापरली होती, मी पंधरा मिनिटांत एक घालवली. आता एकच उरली. हे मामांना फोनवर सांगताना मला फार जड गेलं. ते म्हणाले, "तू पडलास का?" हो म्हटलं. "मग गाडीचं कशाला सांगतोस."

बी.पी.चं यंत्र

दुसऱ्यांदा जोडताना मेस्त्रींनी जी तपासणी शिकवली ती प्रत्येकानं करावी. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करा. एका बुचातून नळी काढून तिला डॉक्टरांच्या बी.पी. यंत्राचा फुगा आणि गेज जोडा. ३०० पर्यंत फुगवा. ३०० मि.मी. पारा म्हणजे सुमारे ०.४ बार. पाच-सहा मिनिटांत काटा जेमतेम हलला तर ठीक. उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडा गळती दाखवतो. क्लचच्या बाजूचा सील गळाला तर उलटा प्रकार होतो. गिअरबॉक्सचं ऑईल आत ओढलं जाऊन जळतं, पांढरा धूर येतो आणि ऑईल कमी होत जातं.

आणखी दोन गोष्टी. पहिली, ऑईल. नव्या बोअरला मी १:२५, म्हणजे लिटरला ४० मि.ली. टू-टी घातलं. "आणखी घाल, सेफ राहील," असं रूममेट म्हणाला. तसं नसतं. ऑईल वाढवलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं. दुसरी, आजचं पेट्रोल. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सुमारे आठ टक्के कोरडं पडतं. मुख्य जेट मोठा घालून प्लग बघत गेलो. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, काळा ओला म्हणजे जास्त, चॉकलेटी आला की थांबायचं. पेट्रोलची नळीही नवी घाला, जुनं रबर इथेनॉलनं फुगतं. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल हवेतलं पाणी धरतं.

शेवटी

गाडी आता चालते. रस्त्यावर आणत नाही, कारण लाईट नाहीत आणि शर्यतीसाठी बदललेली गाडी रस्त्यासाठी नसते. तुमच्या गाडीला नंबर असेल तर आधी आर.सी.वरचा इंजिन आणि चॅसिस नंबर जुळवून बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि पुढं दर पाच वर्षांनी. कागद नसलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी टेंपोतून चिखलीला नेली. मामांनी आधी किक मारली नाही. क्लच दाबून बघितला, प्लग काढायला लावला, रंग बघितला. मग विचारलं, "आता किती माप ऱ्हायलंय?" म्हटलं, एकच. "बास की," म्हणाले, आणि किक मारली. शेताच्या कडेनं एक फेरी मारून आले. क्लचवर दोन बोटं शेवटपर्यंत ठेवलेली. इंजिन जाम झालं तर क्लच ओढायला अर्धा सेकंद मिळतो, ही त्यांची जुनी सवय. ती मला कुणी शिकवली नव्हती. तुम्हाला मी सांगून ठेवतो.

माझ्या डायरीत आता त्या इंजिनाची सगळी मापं तारखांसह लिहिलेली आहेत. पुढच्या वेळी उद्यमनगरात जाईन तेव्हा यादीच्या आधी ती डायरी पुढं ठेवीन.