स्वयंचलित मोटारीचा दांडा अडल्यास

क्लच नसलेली, स्वयंचलित गियरची जुनी मोटार आतां शेतकऱ्याच्या दारींही दिसते. तिचा दांडा ‘पी’ म्हणजे गाडी उभी ठेवण्याच्या घरांत अडला, कीं लोक एक तर तो बळानें ओढतात, नाहीं तर गियरबॉक्स गेला असें समजून तो खोलण्यास देतात. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. वसुलाचा मेळ न बसल्यास आम्ही कारकून लोक आधीं बेरीज तपासीत असूं, गांवचें दप्तर मागाहून. येथेंही तोच क्रम ठेवावा.

प्रथम चाकांस उताराच्या बाजूनें दगड लावावे व हातब्रेक ओढावा. दांडा सुटतांच गाडी घरंगळूं शकते. खालच्या बाजूस माणूस वा जनावर उभें असूं नये.

‘पी’ मध्यें गियरबॉक्सांतील एका चाकाच्या खाचेंत पोलादी खिटी पडते. चढउतारावर हातब्रेक न लावतां गाडी ठेवली, कीं सर्व भार त्या खिटीवर येऊन ती आवळून बसते. अशा वेळीं वरच्या बाजूस ट्रॅक्टर लावून दोर बांधावा. चालकानें आंत बसून हातब्रेक सोडावा, गाडी बोटभर चढाकडे ओढवावी, आणि पायाचा ब्रेक दाबून धरून दांडा काढावा.

सपाटीवर दांडा अडला, तर कुलपाचा संशय घ्यावा. अमेरिकेंत ऑडी ५००० ह्या गाड्या आपोआप धांवत सुटतात अशा तक्रारी झाल्यावर, ब्रेक दाबल्यावांचून दांडा ‘पी’ मधून निघूं नये असें कुलूप १९८७ सालीं त्यांस बसविण्यांत आलें. १९८९ च्या सरकारी अहवालांत मुख्य दोष चुकीच्या पेडलवर पडलेल्या पायाचा ठरला. कुलूप मात्र पुढें इतर गाड्यांतही रूढ झालें. त्याहून जुन्या गाड्यांत तें बहुधा नसतें.

ह्या कुलपास ब्रेक दाबल्याची वर्दी पेडलजवळील स्विच देतो, व मागचे तांबडे दिवेही सामान्यतः तोच लावतो. म्हणून किल्ली फिरवून ब्रेक दाबावा आणि एकाद्यास बाजूस उभें करून दिवे पाहण्यास सांगावें. एकही दिवा न लागल्यास आधीं फ्यूज, मग स्विच तपासावा. दिवे लागत असतील, तर दांड्यापाशीं कान द्यावा. ‘टक्’ असा आवाज नसल्यास बॅटरी मंद, तार तुटलेली किंवा कुलपाचें विद्युत्-वेटोळें जळालेलें असावें. आवाज येऊनही दांडा हलत नसेल, तर त्याचें बटण किंवा खालची खुंटी अडकली आहे. सांडलेला गोड चहा वाळून तेथें चिकटा धरतो. गाडींत चहा पिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पुष्कळ गाड्यांत दांड्याजवळ झांकणाखालीं एक भोंक असतें. ब्रेक दाबून त्यांत पेचकस दाबला असतां कुलूप सुटतें. ही सोय कारखान्यापर्यंत जाण्यापुरतीच समजावी.

याच्या उलट दांडा फार हलका, सैल फिरूं लागला, तर अधिक भ्यावें. दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोंकाची प्लॅस्टिकची बुश जुनी होऊन भुगा होते. मग दांडा ‘पी’ दाखवितो आणि आंतील यंत्र ‘एन’ किंवा ‘डी’ मध्येंच राहतें. इंजिन बंद व चाकें अडवलेलीं असतां एकानें दांडा फिरवावा, दुसऱ्यानें बाजूनें गियरबॉक्सवरील लहान भुजा हलते कीं नाहीं तें पाहावें. ती न हलल्यास, बुश बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढूं नये, व दगड काढूं नयेत.