टॉमकॅट दर वेळी कोरा हवा

प्रश्न : मिरजेतल्या एका रुग्णालयासाठी आम्ही तिघे मिळून जावामध्ये रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर लिहितो. युनिट टेस्ट सगळ्या पास होतात, माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. पण रुग्णालयाच्या सर्व्हरवर चढवलं की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. दर वेळी टॉमकॅट हातानं बसवून तपासायचं तर दिवस जातो. हे आपोआप करता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : येईल, आणि वेगळा टेस्टिंग विभाग नसलेल्या तुमच्यासारख्या छोट्या गटाला तर ते करायलाच हवं. पण आधी ही चिन्हं येतात कुठून ते पाहू.

‘मिरज’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटांचा होतो : म, वेलांटी, र आणि ज, प्रत्येकी ३. हेच १२ बाइट कुणी लॅटिन-१ समजून वाचले, की त्यांची १२ परकी चिन्हं होतात. टॉमकॅट ७ पर्यंत वेबपत्त्यातून आलेला मजकूर, वेगळं सांगितलं नसेल तर, लॅटिन-१ धरला जाई. टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ धरला जातो. फॉर्ममधून पोस्टनं आलेल्या मजकुराबाबत मात्र टॉमकॅट ९ मध्येही जुनाच समज कायम आहे. जावा १८ च्या आधी फाइल वाचताना त्या त्या मशीनचं सेटिंग धरलं जाई, म्हणून विंडोजचा लॅपटॉप आणि लिनक्सचा सर्व्हर एकच फाइल वेगवेगळी वाचत. मायएसक्यूएल ८ च्या आधी तर डेटाबेसचंही डीफॉल्ट लॅटिन-१ होतं.

युनिट टेस्ट यातलं काहीच पकडू शकत नाही. ती तुमच्या मेथडला जावाची तयार स्ट्रिंग देते. मजकूर बाइट होऊन एका प्रोग्रामातून दुसऱ्यात जातच नाही. चूक आहे ती या जोडावर. आणि तुमच्या लॅपटॉपवरच्या टॉमकॅटमध्ये बहुधा कधीतरी कुणीतरी ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ फाइलमध्ये एक ओळ घातलेली आहे, तिची नोंद कुठेच नाही. हातानं बसवलेल्या सर्व्हरवर विसंबू नये, ते यासाठी. टेस्टचा सर्व्हर दर वेळी लेखी कृतीवरून कोरा उभा राहावा, काम झालं की नाहीसा व्हावा, आणि ती कृती कोडसोबत गिटमध्ये असावी.

या वाटेवर जावाची मंडळी फार पूर्वी चालू लागली. जेयूनिट केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये विमानप्रवासात लिहायला घेतलं. पुढं व्हिन्सेंट मासोल यांनी सर्व्हर चालू-बंद करणारं ‘कार्गो’ केलं, २०१२ मध्ये जेबॉसच्या लोकांनी ‘आर्किलियन’ची पहिली पक्की आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये डॉकरवर चालणारं ‘टेस्टकंटेनर्स’ आलं.

तुमच्याकडं मेव्हन असेल तर कार्गोपासून सुरुवात करा. इंटिग्रेशन टेस्टच्या आधीच्या टप्प्यात कार्गो सांगितलेल्या आवृत्तीचा टॉमकॅट उतरवून घेतो, नव्या फोल्डरमध्ये त्याचं कॉन्फिगरेशन लिहितो, तुमची वॉर फाइल चढवतो आणि नंतरच्या टप्प्यात सर्व्हर बंद करतो. आवृत्ती रुग्णालयात आहे तीच द्या. टॉमकॅट ९ ऐवजी १० घेतलात तर ‘जावाएक्स’ची पॅकेजं ‘जकार्ता’ झालेली असतील आणि प्रोग्राम सुरूच होणार नाही. टेस्ट फेलसेफ प्लगइननं चालवा आणि आज्ञा ‘व्हेरिफाय’ची द्या. फेलसेफ टेस्ट नापास झाली तरी लगेच थांबत नाही. आधी सर्व्हर बंद होऊ देतो, मग बिल्ड नापास करतो. ‘इंटिग्रेशन-टेस्ट’ इतकीच आज्ञा दिली तर टॉमकॅट मागं चालू राहून ८०८० पोर्ट अडवून बसण्याचा धोका असतो.

पोर्ट उघडला म्हणजे ॲप्लिकेशन तयार झालं असं नाही. पुष्कळ जण तिथं तीस सेकंदांची झोप घालतात. ते करू नका. एखादं साधं पान २०० उत्तर देईपर्यंत थोड्या थोड्या वेळानं विचारत राहा.

डेटाबेसही खराच हवा. टेस्टपुरता एचटू वापरण्याची सवय मला धोक्याची वाटते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो, पडद्यावर सारखाच दिसतो. एचटू अक्षरांचे क्रमांक ताडून पाहतो. मायएसक्यूएल आपल्या कोलेशनच्या नियमानं. एकाला रुग्ण सापडेल, दुसऱ्याला नाही. टेस्टकंटेनर्स प्रत्येक फेरीला कोरा मायएसक्यूएल उभा करतं, त्याला मोकळा पोर्ट देतं आणि शेवटी काढूनही टाकतं. लॅपटॉपला ८ जीबीच मेमरी असेल तर डॉकरनं तो दमेल. अशा वेळी कंटेनर फक्त डेटाबेसचा ठेवा आणि टॉमकॅट कार्गोवर सोडा.

आता टेस्टमध्ये नावं कोणती घालायची? डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज उपचारांचं गाव आहे, आणि सीमेपलीकडच्या अथणी, चिकोडीकडूनही माणसं इथं येतात. म्हणून जोडाक्षरांची मराठी नावं घ्या, कन्नड लिपीतली घ्या, लांबलचकही घ्या. एक नाव फॉर्ममधून पाठवा, डेटाबेसात जाऊ द्या, पानावर परत मागवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. या एका टेस्टनं तुमची आजची तक्रार कुठल्या जोडावर आहे ते कळेल. दुसरी टेस्ट वेळेची : पहाटे सव्वादोनला दाखल झालेला रुग्ण. कंटेनरची वेळ बहुधा यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणून त्याच्या केसपेपरवर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते.

ही नावं तुम्ही स्वतः रचा. रुग्णालयाच्या खऱ्या नोंदींची प्रत लॅपटॉपवर आणू नका. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा तर आहेच. शिवाय माणसानं आजारपणात विश्वासानं दिलेली माहिती आपल्या टेस्ट फोल्डरमध्ये पडून राहणं योग्य नाही.