स्थळावर ‘केस’ आहे का?

प्रश्न : मुलीसाठी आलेल्या स्थळावर पोलीस केस असल्याची कुजबुज आहे. पोलिसांत ओळख नसेल तर कसं कळणार?
– एक वडील, सातारा

उत्तर : ओळख कशाला? ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर मुलाचा जिल्हा आणि न्यायालय निवडा, नाव व वर्ष टाका, खटल्याचा टप्पा, पुढची तारीख फुकट दिसते. इंग्रजी स्पेलिंग बदलून दोनतीनदा पाहा. कारकून लिहील तसं नाव चढतं! एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो, संवेदनशील गुन्ह्यांचा मात्र नाही. अटक झालेल्यांची नावं पोलीस ठाण्यात दर्शनी भागात लावणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७नुसार बंधनकारक आहे. नाव सापडलंच, तर वडिलांचं नाव, पत्ता जुळवा. गुन्हा नोंदला म्हणजे सिद्ध झाला नव्हे. निकाल लागला असेल तर तो वाचा. नसेल तर सरळ मुलालाच विचारा.