मुंबईचे मैलापाणी

शहर वाढले की पाणी किती लागेल याची चर्चा होते. वापरलेले पाणी जाणार कोठे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मुंबईत वर्षानुवर्षे वरळी व वांद्रे येथे मैलापाणी जाळ्यांतून गाळून, वाळू काढून, बोगद्याने किनाऱ्यापासून तीन किलोमीटरांहून दूर समुद्रात सोडण्याची रीत पडली. उरलेले काम भरती-ओहोटीवर सोपवलेले!

जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर येथील सात नव्या केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. पण येथे विस्तार म्हणजे केवळ मोठ्या टाक्या नव्हेत. टाकीत हवा सोडली की तिच्यातील प्राणवायूवर जिवाणू वाढतात, विरघळलेली घाण खातात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. नदी जे सावकाश करते, तेच येथे काही तासांत उरकते.

तथापि केंद्र शुद्ध करते ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले पाणी. मिठीकाठच्या ज्या वस्त्यांत मलवाहिनीच नाही, त्यांचे पाणी नाल्यातून नदीत व पुढे माहीमच्या खाडीत जाते. दोन हात रुंद गल्लीत वाहिनी टाकावी कशी, हा प्रश्नही अभियंत्यांचाच आहे; आणि माझ्या मते तो आधीचा आहे.