पेवातील ज्वारी आणि पेशींचे श्वसन

जमिनीत खोल खड्डा खणून त्यात ज्वारी साठविण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. या खड्ड्यास पेव म्हणतात. धान्य भरून झाले की पेवाचे तोंड मातीने लिंपून बंद करीत. सांगलीजवळील हरिपूरच्या पेवांत हळद साठविली जात असे. त्यांपैकी बरीच पेवे २००५ च्या महापुरात निकामी झाली. पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नसे. तोंड काही वेळ मोकळे ठेवावयाचे, नंतर दोरीला कंदील बांधून तो आत सोडावयाचा, आणि तो विझला तर थांबावयाचे, अशी रीत होती.

कंदील का विझतो? पेवात प्राणवायू उरलेला नसतो म्हणून. मग तो गेला कोठे? या प्रश्नाचे उत्तर सजीवांच्या पेशींत सापडते.

शाळेत ‘श्वसन’ आणि ‘श्वासोच्छ्वास’ हे शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात, आणि घोटाळ्यास तेथूनच सुरुवात होते. छातीच्या भात्याने हवा आत घेणे व बाहेर टाकणे हा श्वासोच्छ्वास. श्वसन त्याहून खोलवर, प्रत्येक पेशीत चालते. ज्वारीच्या दाण्याला फुप्फुसे नाहीत. पण त्याच्या टोकाशी असलेला अंकुर जिवंत असतो व तो अत्यंत मंद गतीने श्वसन करीत असतो. दाण्यांवरील बुरशी आणि पोरकिडे हेही तेच करतात. हळद मात्र साठविण्यापूर्वी शिजविलेली असते, म्हणजे तिच्या पेशी मेलेल्या असतात; तेथे हवा बिघडविण्याचे काम कीड व सूक्ष्मजीव करतात.

श्वसन हे एक प्रकारचे ज्वलन आहे, हे फ्रान्समध्ये लाव्हाझिए व लाप्लास यांनी १७८३ मध्ये मांडले. बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, हे त्यांनी मोजले होते. कंदिलात तेल जळते, पेशीत ग्लुकोज ‘जळते’. दोन्हीकडे प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. भेद आहे तो रीतीचा. कंदिलातील ऊर्जा उष्णता व प्रकाश होऊन निघून जाते. पेशीत तेच काम विकरांच्या साहाय्याने अनेक लहान पायऱ्यांनी होते आणि ऊर्जेचा मोठा भाग हाती राखला जातो.

प्रथम पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूचे पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू होतात. या टप्प्यास प्राणवायू लागत नाही. पुढचे काम तंतुकणिकांत चालते. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये उलगडलेल्या चक्रात कार्बन डायऑक्साइड सुटा होतो आणि हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन एका साखळीवरून हातोहात पुढे जातात. साखळीच्या शेवटी त्यांना स्वीकारावयास प्राणवायू उभा असतो. तो नसेल तर मागची सारी रांग तुंबते. आपण श्वासाने घेतलेल्या प्राणवायूचे मुख्य काम एवढेच, आणि त्यावाचून सर्व अडते.

मिळालेली ऊर्जा एटीपी या संयुगात साठते. १९२९ मध्ये त्याचा शोध जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तसेच अमेरिकेत फिस्के व भीमवरम येथे जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे लावला. एका ग्लुकोजपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील ३६ किंवा ३८ हा आकडा शिक्षकांनी आता सोडून द्यावयास हवा. प्राणवायू नसेल तर केवळ दोन एटीपी पदरात पडतात. एटीपी हे रोजच्या व्यवहारातील सुट्या नाण्यांसारखे आहे. त्याची शिल्लक पेशीत क्षणांपुरतीच असते. ते सतत घडवावे लागते.

आता पेवाचा हिशेब मांडू. एक घनमीटर जागेत सुमारे सात क्विंटल ज्वारी मावते. दाण्यांमधील फटींत चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४०० लिटर हवा असते आणि तीत साधारण ८४ लिटर प्राणवायू असतो. त्याचे वजन सुमारे ११० ग्रॅम. हा सर्व प्राणवायू संपविण्यास किती ग्लुकोज लागेल? जवळपास १०५ ग्रॅम! सात क्विंटलांतील मूठ-दोन मूठ धान्याचा ऐवज खर्ची पडला की कीड गुदमरून मरते, बुरशीची वाढ खुंटते आणि उरलेले धान्य सुरक्षित राहते. हवाबंद साठवणीचे आधुनिक शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे.

ओलसर धान्य हवेशीर पोत्यांत रचले तर उलटे घडते. प्राणवायू संपत नाही, श्वसन थांबत नाही. त्यातून निघणाऱ्या पाण्याने ओल वाढते, उष्णतेने श्वसन आणखी वेग घेते आणि थप्पी आतून तापू लागते. धान्य कडकडीत वाळवून मगच भरावे, हा गृहिणींचा आग्रह म्हणूनच योग्य आहे. ही उष्णता वर्गातही दाखविता येते. मोड आलेली मटकी थर्मासमध्ये भरून, तोंडाशी कापसाचा बोळा व त्यातून तापमापक बसवावा. दुसऱ्या थर्मासमध्ये उकडलेली मटकी ठेवावी. उकडलेली मटकी जंतुनाशकाने धुऊन घ्यावी, नाही तर ती कुजून तापते व प्रयोग फसतो.

पेवात उतरणाऱ्या माणसाचे काय होते, हेही आता समजेल. संपलेल्या प्राणवायूच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी राहतो. माणूस तेथे श्वास घेतो तेव्हा रक्तातील होता तो प्राणवायूही फुप्फुसांतून बाहेर जातो. पायांचे स्नायू प्राणवायूवाचून थोडा वेळ निभावून नेतात. मेंदूला ते जमत नाही. विश्रांतीच्या स्थितीतही शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो वापरतो आणि त्याच्याजवळ साठा जवळजवळ नसतो. काही श्वासांतच शुद्ध हरपते. गुदमरल्याची जाणीव होऊन वर येण्यास अवधी मिळत नाही. वरून पाहणाऱ्यास वाटते, याला चक्कर आली. तो मदतीला उतरतो आणि त्याचीही तीच गत होते. अशा दुर्घटनांत एकामागून एक माणसे जातात, ती याच कारणाने.

पेवे आता थोडी उरली आहेत, परंतु वापरात नसलेल्या विहिरी, गोबरगॅसचे खड्डे व मैलाच्या टाक्या गावोगाव आहेत. तेथे कंदिलाची कसोटी लावू नये. दिवा विझला तर उतरू नये हे खरे. पण दिवा जळतो म्हणून हवा निर्धोक आहे असे मुळीच नव्हे, कारण इतर विषारी वायू त्याला ओळखता येत नाहीत. शिवाय गोबरगॅस व मैलाच्या टाकीत मिथेन असल्यास ज्योतीने स्फोट होतो. संरक्षक साधनांवाचून माणसास मैलाच्या टाकीत सफाईसाठी उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे आणि ती स्थानिक संस्थांनाही लागू आहे. कोणी आत कोसळलाच, तर दुसऱ्याने तसेच उतरू नये. वरून हवा सोडावी, अग्निशमन दलास बोलवावे. आणि उतरणे अटळ असेल तेथे, उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर वर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती आधीपासूनच असावा.