डिकी आधी उघडून पाहावी

भिन्न प्रकृतीच्या दांपत्याने दीर्घ प्रवास एकत्र केला असता परस्परांचा परिचय दृढ होतो, असा उपदेश करणारी मंडळी बहुधा आगगाडीने, आणि तीही निरनिराळ्या डब्यांतून, प्रवास करीत असावीत. हैदराबादेत दुसऱ्या निजामाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना बहाल केली म्हणून जिची ख्याती आहे त्या बेगम बाजारच्या भूमीवर, खाली भांड्यांचे घाऊक दुकान आणि वर बिऱ्हाड अशा व्यवस्थेत आमचा संसार सुखाने झाला, याचे श्रेय मी स्वभावांच्या मीलनास नव्हे, तर मधल्या जिन्यास देते. मी मराठी शाळेत इतिहास शिकवणारी, घड्याळाची आणि शांततेची भोक्ती. आमचे यजमान अखंड बोलणारे, आणि वेळही मालाप्रमाणे उधारीवर मिळतो अशा दृढ श्रद्धेचे. दिवसभर ते खाली आणि मी वर असल्यामुळे हा विरोध कधी हातघाईवर आला नाही. मोटारीत जिना नसतो.

माझ्या निवृत्तीनिमित्त सोलापूर, पंढरपूर आणि कोल्हापूर असा बेत ठरला. मार्ग मी आखला, निदान त्या वेळी माझी तशी समजूत होती. पहाटे निघून हुमनाबादेजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंचे दर्शन, दुपारी नळदुर्गचा किल्ला आणि दिवेलागणीस सोलापूर, असा सुमारे तीनशे किलोमीटरांचा पहिला टप्पा होता. आज या रस्त्यावर तीन राज्ये लागतात. पूर्वी नळदुर्गच्या पलीकडेपर्यंत सारा मुलूख निजामाचाच होता आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल चौधरींचे भारतीय सैन्य याच रस्त्याने सोलापुराहून नळदुर्गमार्गे आत शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. वाटेत लढावे लागत असूनही त्या सैन्याने जी शिस्त राखली, तिचा लवलेशही आमच्या मोटारीच्या वाट्यास आला नाही.

सदाशिवपेठेस गाडी थांबली. जहीराबादेस थांबली. प्रत्येक वेळी "पाच मिनिटांत आलो" एवढे बोलून यजमान किल्ली खिशात घालून बाजारपेठेत अंतर्धान पावत, आणि किल्ली गेली की गारवाही जात असल्याने मी काचा उतरवून धूळ खात बसे. परत येताना मुद्रा कधी प्रसन्न, कधी काळवंडलेली, कारण विचारावे तर "ओळखीचे आहेत गं, तोंड दाखवावं लागतं." मग वाटेत दूरध्वनी, आणि तोही मोटारीच्या ध्वनिवर्धकावर, जेणेकरून कोणा अपरिचित व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च मला सविस्तर ऐकावा लागला. माणिकनगरचा फाटा याच संभाषणात मागे पडला.

उमरग्यास फराळाची पिशवी काढण्यासाठी मी डिकी उघडली. माझ्या वळकटीखाली बारदानात गुंडाळलेल्या पितळी पराती, लोटे आणि झाऱ्यांचे नमुने होते, आणि त्यांच्याखाली लाल कापडात बांधलेली खतावणी. तिच्या पहिल्याच पानावर यजमानांच्या वळणदार अक्षरात गावांची नावे अनुक्रमाने मांडलेली होती: सदाशिवपेठ, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर, पंढरपूर, कोल्हापूर, आणि प्रत्येकासमोर थकबाकीचा आकडा. हा क्रम मी पुन्हापुन्हा वाचला. जो मार्ग नकाशा मांडीवर घेऊन, अंतरांची बेरीज करून, मी स्वतः निश्चित केला असे मला वाटत होते, तो बेगम बाजारातल्या गादीवर आधीच निश्चित झालेला होता. आणि पंढरपूरचा आग्रह धरताना ज्यांचा कंठ दाटून आला होता, त्यांच्या खात्यावर सर्वांत मोठी बाकी पंढरपुरासच होती. विठ्ठलाच्या नावाने इतका तगादा क्वचितच कोणी लावला असेल.

यजमानांना लाज वाटली असती तर मी हे लिहिले नसते. ते म्हणाले, "अगं, सगळं वाटेतच तर आहे! दोन पैसे वसूल झाले तर पेट्रोल सुटेल." आणि नंतर, अत्यंत प्रेमाने, "तुझं अक्षर चांगलं आहे, जमा तूच लिहीत जा."

नळदुर्ग मी एकटीने पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवर घातलेल्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरली की नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे बांधावरून शेजारी शेजारी कोसळतात, आणि आतला माणूस कोरडा राहतो. अशा स्थापत्याची आवश्यकता मला त्या दिवशी पुरेपूर पटली. यजमान दरवाजाशी दूरध्वनीवर रुजवात घालीत उभे होते. सोलापूरच्या ज्या गृहस्थांकडे थकबाकी होती त्यांच्याविषयी काय लिहावे? बेगम बाजारात त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे; त्यांनी चहा पाजला, एवढेच.

आता ज्यांना असा प्रवास करावयाचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना. पाणी, औषधे आणि हवा भरलेले जादा चाक बरोबर असावे, हे कोणीही सांगेल. राग आवरावा, हेही सांगतात. मला जमले नाही, आणि जमावयास हवे होते असेही वाटत नाही. परंतु दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवावी. निघण्यापूर्वी डिकी उघडून वळकटीच्या खालपर्यंत हात घालावा. जोडीदार एखाद्या गावाविषयी अकस्मात भक्तिभाव दाखवू लागल्यास तेथे देणेकरी कोण, हे दुकानातल्या मुनिमास विचारावे. मुनीम खरे सांगतो. थांबे किती आणि प्रत्येक किती वेळाचा, हे कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी कराराला व्यापाऱ्याच्या घरी किंमत नसते. दिवसाकाठी तासभर तरी दूरध्वनी बंद राहावा. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा व्यापारी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल लागते, आणि तो खाजगी मोटारीत पत्नीच्या अंथरुणाखाली ठेवल्याने ही सक्ती टळत नाही, हेही जाणून असावे. आमच्या मालाची एकूण किंमत काय होती, या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. मुक्कामाची खोली घेताना शेजारच्या खोलीचाही दर विचारून ठेवावा. कोल्हापुरास मी तो दिला आणि पैसे खतावणीत यजमानांच्या नावे लिहिले, कारण अक्षर माझे चांगले आहे.

दिवाळीनंतर परभणी आणि नांदेडकडे "सहज फिरून येऊ" असा नवा प्रस्ताव आला आहे. त्या बाजूची खाती मी आधी पाहावयास मागितली आहेत. मुनीम रजेवर आहे, असे मला सांगण्यात येते.