उत्तर सांगू नका, आधार विचारा

धुळे-जळगावकडच्या मुलांना इंग्रजीच्या शंका सोडवायला मदत करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. तयार उत्तर हातात ठेवणं ही मदत नव्हे. साक्री, पारोळा, अमळनेरकडच्या अनेक मुलांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पेपर इंग्रजीचा. त्यांना आधार हवाच. पण तो त्यांना स्वतःच्या पायावर उभं करणारा हवा.

माझ्या ओळखीच्या एका मुलीचा एम.ए.चा प्रकल्प टाइप करून देणाऱ्यानंच संदर्भयादीही ‘लावून दिली’. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी यादीतल्या एका ग्रंथावर बोट ठेवून विचारलं, “हा कुठं वाचलात?” तिनं तो पाहिलाही नव्हता. प्रकल्प परत आला. मुलगी मेहनती होती. नुकसान केलं ते अशा मदतीनं.

म्हणून संदर्भाचा पहिला नियम: जे वाचलं तेच यादीत घालायचं. अवतरण दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलं असेल, तर तसं स्पष्ट लिहायचं. लेखक, वर्ष, प्रकाशक आणि पान वाचतानाच वहीत टिपायचं. शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचा असेल, तर त्याचं नाव द्यायचं. संदर्भ लिहिण्याची पद्धत एमएलए की एपीए, हे मार्गदर्शकांना आधीच विचारायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की दुरुस्ती करावी लागते. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. नियमांपलीकडे जवळचं उदाहरणही आहे: इतिहासाचार्य राजवाडे मूळ कागदांसाठी गावोगाव फिरले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. मुलांना एकदा तिथं घेऊन जा. मूळ आधार म्हणजे काय, हे डोळ्यांनी दिसेल.

व्याकरणात चूक नुसती खोडू नका, कारण सांगा. ‘मी दोन वर्षांपासून जळगावात राहतो’ हे मनात धरून मुलं ‘आय ॲम लिव्हिंग इन जळगाव सिन्स टू इयर्स’ लिहितात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. आणि राहणं अजून चालू आहे म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. मग तशीच तीन वाक्यं त्यांना स्वतःच्या घराबद्दल, शेताबद्दल करायला लावा.

उतारा सोडवायला बसताना आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. शब्द अडला की लगेच शब्दकोश उघडायचा नाही. मागचं-पुढचं वाक्य पुन्हा वाचायचं. उत्तर आलं की विचारा, “कोणत्या वाक्यावरून?” ती ओळ दाखवता आली नाही, तर बरोबर आलेलं उत्तरही अंदाजच समजा.

शिक्षकांनो, घरातल्या शिकलेल्या ताई-दादांनो, तुमच्याकडे वेळ कमी असेल, तर पाचऐवजी दोनच प्रश्न घ्या. पण ते प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. परीक्षेच्या वर्गात त्यांच्याजवळ आपण नसतो.